कुरूचा अग्निबाण

कुरू हे नाव प्रथम ऐकले तेव्हा माझ्या वर्गातील मुलांना कौरवांची आठवण झाली. खरे सांगावयाचे तर मलाही झाली. हे कुरू मात्र दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर, फ्रेंच गयानात आहे. आपण सारी गिरमिटियांची पणतवंडे. आपणांस तो किनारा सर्वस्वी परका नसावा. शेजारच्या सुरीनामला 1873 साली 'लाला रूख' जहाज लागले, हे आपल्यांपैकी पुष्कळांना पाठ असते. फ्रेंच गयानातही 1850 नंतर करारबद्ध हिंदी मजूर नेले गेले आणि ते तेथे इतके मरू लागले की, 1870 च्या दशकात इंग्रज सरकारला ती पाठवणी थांबवावी लागली. ही गोष्ट क्वचितच कोणी सांगतो. माझे पूर्वज कोकणातून मॉरिशसला गेले. बंदरावर दुसऱ्या जहाजात चढविले असते तर? असो. माझे वडील मॉरिशसहून नोकरीसाठी अबुधाबीस आले, मी येथेच शिकले आणि येथेच शिकविते.

त्या कुरूहून 11 जुलै 2019 रोजी पहाटे, आपल्या घड्याळात 5 वाजून 53 मिनिटे झाली असता, अमिरातीचा 'फाल्कन आय 1' हा उपग्रह उडाला. उड्डाण करविणारी एरियानस्पेस ही कंपनी 1980 साली स्थापन झालेली. मोल घेऊन उपग्रह अंतराळात पोचविण्याचा व्यवसाय जगात प्रथम हिने सुरू केला. अग्निबाणाचे नाव 'व्हेगा'. उंची 30 मीटर, वजन 137 टन, खालचे तीन टप्पे घन इंधनाचे, चौथा द्रव इंधनाचा. 2012 पासून त्याची चौदाच्या चौदा उड्डाणे यशस्वी झाली होती. सुट्टी असली तरी उठून पाहा, असे मी मुलांना बजावून ठेविले होते.

दोन मिनिटे सारे सुरळीत होते. मग पडद्यावरील रेषा नेमलेली वाट सोडून खाली वाकू लागली. थोड्या वेळाने कंपनीच्या एक अधिकारी बाई समोर आल्या. मोठा बिघाड झाला आहे, उपग्रह गमावला आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि ग्राहकाची क्षमा मागितली. सप्टेंबरात चौकशीचा निष्कर्षही प्रसिद्ध झाला: दुसऱ्या टप्प्याच्या मोटारीचा वरचा घुमटाकडील भाग उष्णतेपुढे टिकला नाही आणि 130 व्या सेकंदाला अग्निबाण दुभंगला. उपग्रहाचा सुमारे 37 कोटी युरोंचा विमा होता. विम्याने पैसे परत मिळतात. अटलांटिकच्या तळाशी गेलेली वर्षांची मेहनत मिळत नाही.

कंपनीने दुरुस्ती केली आणि पुन्हा उडावयाची तयारी केली. 2020 च्या मार्चमध्ये महामारीने कुरूचे केंद्र बंद पडले. जूनमध्ये वरच्या हवेतील वाऱ्यांनी दिवसांमागून दिवस अडवून धरले. अखेर 3 सप्टेंबरला व्हेगा उडाला आणि त्याने एका फेरीत 53 उपग्रह पोचविले. माझ्या वर्गाला फार आनंद झाला. तथापि अमिरातीने आपला दुसरा उपग्रह व्हेगावर ठेविला नाही. तो रशियन सोयूझवर हलविण्यात आला. कंपनी मात्र तीच राहिली. माझ्या मते हे शहाणपणाचे होते, कारण विश्वास माणसांवर ठेवता येतो, यंत्राला तो कमवावा लागतो.

आणि 17 नोव्हेंबर 2020 ला तोच व्हेगा पुन्हा पडला! या वेळी आठ मिनिटांनी, चौथा टप्पा पेटल्यावर. स्पेन आणि फ्रान्स यांचे उपग्रह गेले. त्याच दिवशी कंपनीने कारण सांगितले: टप्प्याला दिशा देणाऱ्या यंत्रणेच्या तारा जोडणीच्या वेळी उलटसुलट लागल्या होत्या. आज्ञा एकाला, हालचाल दुसऱ्याची. आराखड्यात दोष नव्हता. चूक माणसांच्या हातून झाली होती. तेव्हा आमचे वर्ग संगणकावरूनच भरत. मी हसून म्हणाले, "एवढे मोठे इंजिनियर, आणि दोन तारा नीट जोडता येऊ नयेत?" मुलेही हसली.

त्याच आठवड्यात दहावीच्या परीक्षेसाठी मंडळाकडे नावे पाठविण्याची यादी करावयाची होती. म्हणून नववीची नोंदवही काढली आणि जुन्या उत्तरपत्रिकांशी ताडून पाहिली. एकाखाली एक नावे असलेल्या दोन मुलांचे गणिताचे गुण मी एकमेकांच्या ओळीत लिहिले होते. अक्षर माझेच होते. त्या गुणांवरून एका मुलाला गणिताचा सोपा अभ्यासक्रम घ्यावयास लाविले होते. तो आठ महिने निमूटपणे तोच शिकत होता.

कंपनीला आपली चूक जाहीर करावयास एक दिवसही लागला नाही. मला आठ लागले. कोणाला कळणार आहे, सोप्या गणितात त्याला गुणही चांगलेच पडतील, असे पुष्कळ विचार मनात आले. आठव्या दिवशी मुख्याध्यापकांना सांगितले आणि संध्याकाळी मुलाच्या वडिलांना फोन केला. ते एका गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करतात. सारे ऐकून ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, मार्चमध्ये त्या गुणांपायी मी त्याला मारलं होतं हो. तो सांगत होता, पेपर बरा गेलाय म्हणून."

यावर मी काय बोलणार?

यादी दुरुस्त झाली. दुसऱ्या मुलाने ते गुण आपले नव्हेत हे ओळखले होते की नाही, हे मी त्याला कधी विचारले नाही. 2 डिसेंबरला, राष्ट्रीय दिनाच्या पहाटे 5 वाजून 33 मिनिटांनी, कुरूहून सोयूझ उडाला आणि तासाभराने 'फाल्कन आय 2' कक्षेत सुटला. बाहेर अजून अंधार होता. पहिल्या मुलाचा निरोप आला, "मॅडम, सुटला." पाठोपाठ दुसरा: "त्रिकोणमिती पहिल्यापासून शिकवाल का?" त्या दिवसापासून आम्ही रोज एक तास बसलो.

एवढे करून 14 एप्रिल 2021 रोजी महामारीमुळे मंडळाने दहावीची परीक्षाच रद्द केली. गुण शाळांनीच द्यावयाचे ठरले. 29 एप्रिलला व्हेगा दुसऱ्यांदा पडून उठला आणि नीट उडाला. सप्टेंबर 2024 मधील अखेरच्या फेरीपर्यंत तो पुन्हा पडला नाही. मे महिन्यात गुण भरावयास बसले तेव्हा मी एका सहकारी बाईंना शेजारी बसविले. मी नाव वाचावयाचे, त्यांनी आकडा वाचावयाचा. मग त्यांनी नाव, मी आकडा. त्या मुलाच्या ओळीवर आल्यावर मी तिसऱ्यांदा वाचावयास सांगितले. बाई म्हणाल्या, "अहो, बरोबर आहे." मी म्हटले, "तरी वाचा."