ओतण्याआधी

सागाच्या फळीवर रंधा जरा खोल गेला तर सुतार थांबतो, बोटाने खळगा चाचपतो आणि आजूबाजूचं लाकूड थोडं थोडं उतरवून घेतो. लाकूड अशी संधी देतं. इपॉक्सी रेझिन देत नाही. टेबलाच्या दोन फळ्यांमधल्या जागेत ओतलेला तो पारदर्शक द्रव घट्ट झाला, की त्यातला बुडबुडा, धुळीचा कण, चिकट राहिलेला डाग सगळं आहे तसं राहतं आणि वर्षानुवर्षं दिसतं. मला या कामाची ओढ लागली ती त्यामुळेच. आपण कसं काम केलं याचा इतका खरा दाखला दुसरा कुठलाही माल देत नाही.

मात्र तो दाखला वाचायला वेळ लागतो, कारण चूक दिसते एका जागी आणि घडलेली असते भलत्याच वेळी. बुडबुड्यांचंच घ्या. टेबलाच्या कडेला, लाकूड आणि रेझिन भेटतात तिथे बुडबुड्यांची रांग दिसली, की जोरजोरात ढवळल्याचा संशय येतो. ढवळण्याचे बुडबुडे असतातही, पण ते सगळीकडे विखुरलेले असतात. कडेची रांग येते लाकडाच्या पोटातून. सकाळी ओतलं, दुपारी ऊन चढलं, लाकूड तापलं, त्याच्या छिद्रांतली हवा फुगून बाहेर आली. म्हणून आधी पातळ हात मारून छिद्रं बुजवायची आणि ओतायचं ते दिवस उतरताना. निवत जाणारं लाकूड हवा आत ओढतं आणि तिच्यामागून रेझिनही आत शिरतं. लाकडी होड्या इपॉक्सीने बांधणाऱ्यांना ही गोष्ट चांगली माहीत असते. अमेरिकेत मिशिगनमधल्या बे सिटीच्या गूजॉन बंधूंनी या कामाचं शास्त्रच बसवलं.

मला सगळ्यात जास्त विचारात पाडतो तो चिकट डाग. चार दिवस झाले, बाकीचं टेबल दगडासारखं टणक, आणि मधेच तळहाताएवढी जागा बोटाला चिकटते. पहिला संशय प्रमाणाचा. आपल्याकडे इपॉक्सी घराघरांत पोचली ती अरल्डाइटच्या दोन नळ्यांतून, एक रेझिनची, दुसरी ते घट्ट करणाऱ्या हार्डनरची. सिबा या स्विस कंपनीने 1946 मध्ये बाजारात आणलेला हा गोंद आपण नजरेने मोजत आलो, एवढ्याला एवढं. कपाचा कान चिकटवायला ते चाललं. पाच लिटर रेझिनला नजर पुरत नाही. त्यात डब्यावरचं प्रमाण वजनाचं की मापाचं हे बघावंच लागतं, कारण हार्डनर बहुधा रेझिनपेक्षा हलका असतो. फायबरच्या कामातून आलेले कारागीर आणखी एका समजुतीने फसतात. तिथल्या पॉलिएस्टरमध्ये हार्डनरचे चार थेंब जास्त टाकले तर माल लवकर धरतो. इपॉक्सीचा हार्डनर नुसता वेग वाढवायला नसतो; रेझिनशी जोडला जाऊन तो स्वतःच त्या घट्ट मालाचा भाग होतो. जास्तीचा हार्डनर जोडीदाराविना तसाच उरतो आणि माल कायमचा मऊ राहतो.

पण प्रमाण अचूक असूनही तो डाग पडतो, तेव्हा मला आपल्या घरांची शिकवण आठवते. पातेलं निपटून घ्यायचं, वाया काही घालवायचं नाही. महागाचं रेझिन ओतल्यावर हात आपोआप बादलीच्या कडा खरवडतो. नेमका तिथला, कडेला आणि तळाला बसलेला माल ढवळण्यातून सुटलेला असतो. ढवळलेलं मिश्रण दुसऱ्या स्वच्छ भांड्यात घेऊन पुन्हा ढवळायचं आणि पहिल्या भांड्याला चिकटलेलं सोडून द्यायचं. ज्याच्या हाताला काटकसर लागली आहे त्याला हे फार जड जातं, आणि ती काटकसर वाईट आहे असं मी कधीच म्हणणार नाही.

उष्णतेचं गणितही असंच पाठीमागून समजतं. दोन घटक जुळताना उष्णता निघते, रेझिन ती सहज बाहेर जाऊ देत नाही, आणि दहा अंश तापमान वाढलं की जुळण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. टेबलाच्या वरच्या थरासाठी असलेलं, काही मिलिमीटरच ओतायचं रेझिन एकदम दोन इंच ओतलं, तर ते धुमसतं, पिवळं पडतं, तडकतं. डब्यावरचा वेळ बहुधा पंचवीस अंशांचा असतो. नागपूरच्या मे महिन्यात तो धरून चालणं म्हणजे हातातल्या बादलीत माल गोठवणं. कोकणातल्या पावसाळ्याची तऱ्हा निराळी. दमट हवेत काही हार्डनर पृष्ठभागावर तेलकट साय धरतात. ती आधी पाण्याने, खरखरीत घासणीने धुवायची असते. थेट पॉलिश पेपर मारला तर ती पसरते आणि पुढचा थर काही महिन्यांनी पापुद्र्यासारखा सुटतो. आणि लाकूडच ओलं असेल तर या सगळ्याला अर्थ उरत नाही. वखारीतून आणलेली आंब्याची जाड फळी वरून कोरडी लागली तरी आतून वाळायला इंचामागे साधारण वर्ष घेते.

आपल्या सुतारकामात लिहून ठेवायची पद्धत नाही, कारण ज्ञान हातातून हातात गेलं. पटाशीची धार हाताला कळते. रेझिनचं प्रमाण, खोलीचं तापमान, हवेचा दमटपणा हाताला कळत नाही. त्यामुळे इथे बिघडलेला तुकडा जपून ठेवावा आणि त्यावर तारीख, वजनं, ओतल्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी, असं मला मनापासून वाटतं. मालाची परीक्षा घ्यायची तर तीही त्याच लाकडावर, तेवढ्याच जाडीची. वाटीभर नमुना जाड थराचं काहीच सांगत नाही.

एका चुकीचा मात्र नमुना करता येत नाही. कच्चं रेझिन आणि हार्डनर वारंवार कातडीला लागलं, की एखाद्याचं शरीर ते कायमचं लक्षात ठेवतं. मग नुसत्या थेंबानेही हात सुजतात, खाज उठते, आणि त्या माणसाला हे काम सोडावं लागतं. पुरतं न वाळलेल्या रेझिनला घासताना उडणारी भुकटीही तितकीच वाईट. त्यामुळे शिकायला येणाऱ्या मुलांच्या हाती मी आधी हातमोजे आणि मास्क देतो, मग वजनकाटा.