आजीची खाणावळ

सांगलीला माझ्या आजीची खाणावळ होती. दारावर पाटी नव्हती, की आत मेज-खुर्च्या नव्हत्या. ओटीवर पाट मांडलेले असत आणि विलिंग्डन महाविद्यालयातले वीस-बावीस विद्यार्थी दोन्ही वेळा तेथे जेवत. आजोबा अकाली गेले, तेव्हा आजीच्या पदरी दोन मुले होती आणि हाती म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे हातची चव. तिच्या बळावर तिने माझ्या आईला आणि मामाला वाढविले. आम्ही साताऱ्याला राहत असू. पण सुटी लागली, की मला सांगलीची ओढ लागे.

मामा आजीच्या हाताखालीच स्वयंपाक शिकला, आणि एके दिवशी तिला न विचारता मुंबईला जाऊन मालवाहू जहाजावर स्वयंपाकी म्हणून रुजू झाला. त्याची पत्रे येत. मी गेलो, की आजी ती माझ्याकडून दोन-दोनदा वाचून घेई. पण उत्तर मात्र कधी लिहून घेत नसे.

चार वर्षांनी तो परतला, तो नेमका आषाढी एकादशीच्या दिवशी. मी तेव्हा सातवीत होतो. एकादशीमुळे खाणावळ बंद होती. आजी खिचडीसाठी दाण्यांचे कूट करीत बसली होती. मामा पाया पडला. तिने मान वर केली नाही. थोड्या वेळाने एवढेच विचारले, "इतके दिवस कोणाच्या हातचे जेवत होतास?"

"जहाजावर माझ्याच हातचे," मामा म्हणाला, "पण बंदरात एका खाणावळवालीच्या. तुझ्यासारख्याच."

ते बंदर होते ब्राझील देशातले साल्वादोर. अटलांटिक महासागराच्या काठी, बाहिया प्रांतात, पोर्तुगीजांनी १५४९ साली हे शहर वसविले. तेथे रस्त्याच्या कोपऱ्यावर पांढराशुभ्र घेरदार झगा घातलेली, डोक्याला पांढरे वस्त्र गुंडाळलेली एक वृद्ध स्त्री कढई मांडून बसे. चवळी भिजवून, तिची साले काढून, वाटून, हलकी होईपर्यंत फेसून ती वडे तळी. तेल लालभडक, ते एका जातीच्या ताडाच्या फळांचे. वड्याला नाव 'अकाराझे'. तिच्या मुलीची मागेच लहानशी खाणावळ होती. तेथे मातीच्या भांड्यात नारळाच्या दुधात शिजविलेले मासे मिळत. आणखी एक दाट कालवण असे. त्यात सुकी कोळंबी, दाणे, काजू आणि नारळाचे दूध. त्याचे नाव 'वातापा'. हे ऐकून मला हसू आवरेना. अगस्ती ऋषींनी पचविलेला वातापी राक्षस नुकताच आमच्या पाठात येऊन गेला होता! अर्थात हे साम्य निव्वळ नावाचे.

"त्या बाईचे पूर्वज तिथले नव्हेत," मामा सांगू लागला. "त्यांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले. बरोबर भांडे नाही, की कुंडे नाही. पण वडे करण्याची रीत त्यांच्या ध्यानात होती. त्यांच्यातल्या बायका मालकासाठी रस्त्यावर खाद्यपदार्थ विकत. मिळकतीतला मोठा वाटा मालक घेई. उरलेल्यातून पैसा पैसा साठवून काही जणींनी स्वतःला सोडवून घेतले, आई. स्वतःचीच किंमत मोजून! १८८८ साली तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. पण त्या कोपऱ्यावरच्या कढया अजून विझल्या नाहीत."

आजीचा खलबत्त्यावरचा हात थांबला होता. "मग?" ती म्हणाली. मामाशी तिने आपणहून बोललेला हा त्या दिवशीचा दुसरा शब्द.

पाने वाढली. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी. मामाला काय लहर आली कोण जाणे! तो हसत म्हणाला, "आई, तू तर आज मला तिकडचेच जेवण वाढलेस. साबुदाणा ज्या कंदापासून करतात, तो मूळचा ब्राझीलकडचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. मिरची, बटाटा, रताळे, सारी त्याच अमेरिका खंडांतली. काजूचे तर नावसुद्धा तिथल्या तुपी लोकांच्या भाषेतले!"

आजीने हातातला घास खाली ठेवला. "म्हणजे चाळीस वर्षे मी एकादशीला जे खाल्ले, ते—" पुढे तिला बोलवेना. तिने पान दूर सारले. मामाचा चेहरा उतरला. आई जागच्या जागी थिजली. चार वर्षांनी मुलगा घरी आला होता, आणि आजी उपाशी उठणार होती.

"अगं, आपलेही तिकडे गेले आहे," मामा घाईघाईने म्हणाला. "आंबा इथूनच गेला. त्यांचा नारळ मूळ आपल्या हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवरचा. १५०० साली काब्राल नावाचा पोर्तुगीज दर्यावर्दी निघाला होता हिंदुस्थानला, आणि वाटेत लागला ब्राझीलचा किनारा. पुढे त्यांच्याच गलबतांतून हे देणे-घेणे झाले."

'देणे-घेणे' हा शब्द मामाचा. आज मला तो तितकासा पटत नाही. कारण ज्यांच्या पाठीवर ही ओझी लादली गेली, त्यांना कोणी विचारले नव्हते.

आजीवर नारळाचा काहीच परिणाम झाला नाही. तिने विचारले ते वेगळेच. "तो कंद म्हणतोस, तो आपल्या रताळ्यासारखा असतो का?"

"नाही. त्याची कडू जात कच्ची खाल्ली, तर माणूस मरेल. तिथल्या रानांतल्या बायका तो किसतात, वेताच्या लांबट पिशवीत भरून पिळतात, विषारी रस काढून टाकतात आणि उरलेला कीस भाजून त्याचे पीठ करतात. हजारो वर्षांची रीत आहे ती. आपल्याकडे आता तमिळनाडूत सेलमला त्या कंदाचे सत्त्व काढून साबुदाणा करतात."

"विष पिळून काढतात? हातांनी?"

"हातांनीच."

आजी काही वेळ खिचडीकडे पाहत राहिली. मग तिने पान ओढून घेतले आणि ती जेवू लागली. मामाच्या पानात तिने न विचारता आणखी एक डाव खिचडी वाढली.

त्या रात्री निजण्यापूर्वी मला दिसले, की तिने चवळी भिजत घातली आहे. द्वादशीला पारण्यासाठी वडे झाले. मामा शेजारी बसून "अजून फेस, अजून हलके होऊ दे" असे सांगत होता, आणि जिने त्याला पोळपाट धरायला शिकविले, ती निमूटपणे ऐकत होती. चातुर्मास लागला होता, म्हणून कांदा मात्र तिने घालू दिला नाही. आणि तळायला तेल आपले शेंगदाण्याचेच. वडे छान झाले होते. एक बाजूला काढून तिने विचारले, "त्या बाईला चार पैसे सुटतात ना रे?"

आठवड्याने मामा निघाला, तेव्हा आजीने त्याच्या पिशवीत मेतकुटाच्या दोन पुड्या बांधून दिल्या. एकीवर माझ्याकडून मामाचे नाव लिहून घेतले. दुसरीवर काय लिहू, असे मी विचारले.

"तिचे नाव कुठे ठाऊक आहे आपल्याला?" आजी म्हणाली. "लिही, वडेवाली."