चाक काढण्याआधी

दिवाळीच्या सुमारास ओंटारिओ सरोवरावरचा शिडांचा मोसम संपतो. बोटी क्रेनने उचलून काठावर ठेवल्या जातात आणि वसंतापर्यंत आम्हा दुरुस्तीवाल्यांच्या ताब्यात राहतात. जुन्या फायबरग्लासच्या बोटी हे माझं काम. त्यांचे काही मालक सांगतात, सुकाणूचं चाक काढून टिलर बसवून द्या.

टिलर म्हणजे सुकाणूच्या उभ्या दांड्यावर थेट बसवलेला आडवा लाकडी दांडा. उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे वळते. चाकाच्या बोटीत मात्र चाकामागे साखळी, साखळीला पोलादी तारा, त्या कॉकपिटच्या फरशीखाली कप्प्यांवरून फिरून सुकाणूच्या दांड्यावरच्या क्वाड्रंटला, म्हणजे पाव-चकतीसारख्या तुकड्याला, ओढतात. तार आतून गंजते, कप्प्या कोरड्या पडतात, आणि सगळं अशा कोनाड्यात की हात पोचत नाही. मालकांना ही कटकट नको असते. माझं कारण वेगळं आहे: बोटीचा तोल बिघडला की चाक ते लपवतं.

अल्बर्ग 30 ही इथली लाडकी बोट. कार्ल अल्बर्ग यांनी आखलेली आणि 1962 पासून 1987 पर्यंत टोरांटोजवळ बांधलेली. मुळात टिलरची, काहींवर चाक दिसतं. तिचं मुख्य शीड मोठं. वारा वाढला की ती कलते आणि तोंड वाऱ्याकडे फिरवू पाहते. तिला सरळ ठेवायचं तर सुकाणू तिरकं धरावं लागतं. टिलरवर ही ओढ कोपरापर्यंत येते आणि माणूस वेळेवर शीड आखडतं घेतो. चाकावर तीच ओढ साखळी-कप्प्यांच्या घर्षणात मुरते. सुकाणू पाण्यात ब्रेकसारखं आडवं राहतं आणि बोट का रेंगाळते ते कळत नाही.

म्हणून सप्टेंबरात, बोट पाण्यात असतानाच, मी मालकांना आणीबाणीचा टिलर शोधायला लावतो. चाकाच्या बोटींत तो असतो, बहुधा कधीच न वापरलेला. तारा सोडायच्या, तो बसवायचा आणि चांगल्या वाऱ्यात दिवसभर बोट चालवायची. हात भरून आला तर आधी शीड तपासायचं. जुनं कापड ताणलं जातं, त्याचं पोट मागे सरकतं आणि ओढ वाढते. अशा वेळी पहिला खर्च शिडावर.

तोल साधलेली बोट काय करू शकते याचं उदाहरण मुंबईतच बांधलं गेलं. सागवानी, 32 फुटी ‘सुहेली’वरून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1968-69 मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा केली. वाटेत स्वयंचलित सुकाणूयंत्रणा निकामी झाली, तेव्हा शिडांचा मेळ घालून त्यांनी बोटीला आपली वाट धरायला लावलं.

प्रत्यक्ष कामात टिलर हा सोपा भाग. ॲश आणि महोगनीच्या पातळ पट्ट्या इपॉक्सीने साच्यावर चिकटवायच्या. ॲश मजबूत, पण ओल लागली की कुजतो. वार्निशात हयगय चालत नाही. लांबीत मात्र कंजुषी नको. 120 सेंटिमीटरचा दांडा 90 वर आणला तर हातावरचा जोर एक तृतीयांशाने वाढतो.

खरी काळजी फरशीखाली. क्वाड्रंट उतरवण्याआधी बघायचं की सुकाणूचं वजन त्याच्यावर तर टेकलेलं नाही. तसं असेल तर आधी दांड्यावर नवी कॉलर, नाहीतर सुकाणू खाली घसरेल. सुकाणूला दोन्ही बाजूंना अडवणारे अटकावही पुष्कळदा क्वाड्रंटवरच असतात. ते गेले तर उलट्या लाटेत सुकाणू पूर्ण फिरून स्वतःलाच मोडेल. शिवाय टिलरचा जोर दांड्याच्या माथ्यावर आडवा येतो, तेव्हा वरचं बेअरिंग घट्ट हवं. चाकाचा खांब निघाला की कंपास, थ्रॉटल आणि गिअरला नवी जागा लागते. खांबाची भोकं नुसती बुजवून भागत नाही. फरशीच्या आत बाल्साचं लाकूड असेल तर ओलं तेवढं खरवडून काढायचं, कडा लांबवर उतरत्या घासायच्या आणि मग काचकापडाचे थर द्यायचे.

सगळ्याच बोटींना हे मी करून देत नाही. कॉकपिट मध्यभागी असेल तर टिलर सुकाणूपर्यंत पोचतच नाही. बोट मोठी, जड आणि सुकाणूचं सगळं पातं दांड्याच्या मागे असेल, तर उत्तम शिडं लावूनही हात थकणारच. त्यांच्या तारा मी बदलतो, कप्प्यांना तेल देतो आणि चाक जागेवरच ठेवतो.