थैली आणि पन्नी

आमच्या वऱ्हाडी बोलीत कापडाची ती थैली आणि प्लॅस्टिकची ती पन्नी. थैली घरून न्यायची, पन्नी दुकानातून आणायची. दोन शब्दांत बाजारहाटाच्या दोन रीती सामावल्या आहेत. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि थैलीचे श्रेष्ठत्व जणू कायद्यानेच मान्य केले. अमरावती-अकोला तर कापसाचा मुलूख. येथे तिच्याविरुद्ध कोण बोलणार?

हिशेब मात्र इतका सरळ नाही. त्याच वर्षी डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने पिशव्यांच्या जन्मापासून अंतापर्यंतचा ताळेबंद प्रसिद्ध केला. केवळ हवामानबदलाचा विचार केला, तर साधी सुती पिशवी ५२ वेळा वापरल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीची बरोबरी करते. सारे निकष लावले तर ७,१०० वेळा. आठवडी बाजाराच्या भाषेत सांगायचे, तर पहिल्या हिशेबाने एक वर्ष आणि दुसऱ्याने सुमारे १३६ वर्षे!

अर्थात तो ताळेबंद तिकडचा. तिथे पिशवी शेवटी घरच्या कचऱ्यासाठी वापरून जाळली जाते, असे त्यात धरले आहे. उघड्यावर पडणारा कचरा त्यात मोजलेला नाही. आमच्याकडे पन्नी नाली तुंबवते, उकिरड्यावरून गायीच्या पोटात जाते. हा खर्च मांडला तर पारडे पुन्हा थैलीकडे झुकते. तरीही कापूस फुकट पिकत नाही, हे वऱ्हाडाने तरी विसरू नये. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यांतली बहुतेक फवारणी कापसावरचीच होती.

आमच्या आईच्या पिढीची थैली जुन्या धोतराची, विटलेल्या पँटची असे. तिच्यासाठी नवा कापूस पिकवावा लागत नसे. कापडाचे ते दुसरे आयुष्य होते. आजची थैली कोरी असते, तिच्यावर आयोजकांचे नाव छापलेले असते आणि चर्चासत्रागणिक ती आम्हां प्राध्यापकांच्या हाती पडते. कित्येकदा ती कापडाचीही नसते. कापडासारखे दिसणारे ते पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लॅस्टिकच. पर्यावरणावरील निबंध ऐकून आम्ही घरी येतो आणि अशा दहा-बारा थैल्यांच्या ढिगावर आणखी एक ठेवतो. त्यांतल्या एकीलाही ५२ बाजार घडायचे नाहीत.

पुढच्या चर्चासत्राच्या निमंत्रणपत्रिकेवर एक ओळ छापावी, असे आम्हांस वाटते : थैली घरून आणावी.