उपकार नव्हे, हक्काची सोय!



आमच्या कार्यालयात दरवर्षी जयंतीच्या कार्यक्रमात चार शब्द बोलण्याचे काम माझ्याकडे असते. महाडचा सत्याग्रह हा माझा आवडीचा विषय. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्यायले ते तहान भागवण्यासाठी नव्हे, तर आम्हीही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी, असे मी कितीतरी वर्षे सांगत आलो. टाळ्याही घेतल्या. पण त्याच माणसाने आपल्या टेबलावर बसून एका सहकारी भगिनीचे पाणी तोडले होते. आज त्याची कबुली द्यायची आहे.

गोष्ट २०१८ सालची. मी तेव्हा आस्थापना शाखेत होतो. दुसऱ्या मजल्यावर लेखा शाखेत एक कनिष्ठ लिपिक बाई नव्याने रुजू झाल्या होत्या. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे एका पायात कॅलिपर, हातात काठी. इमारत जुनी, लिफ्ट नाही. दोन महिन्यांनी त्यांचा अर्ज आला. मागण्या दोनच. बसण्याची जागा तळमजल्यावर मिळावी, आणि सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये चढता येत नसल्याने अर्धा तास उशिरा येऊन संध्याकाळी अर्धा तास जास्त थांबण्याची मुभा मिळावी.

त्या अर्जावर मी लिहिलेली टिपणी मला आजही पाठ आहे. "अर्जदार यांची विनंती मान्य केल्यास इतर कर्मचारीही तशीच मागणी करतील व कार्यालयीन शिस्तीवर विपरीत परिणाम होईल. सबब, विनंती अमान्य करण्यास हरकत नसावी." साहेबांनी खाली सही केली. फाईल तीन महिने फिरली आणि बंद झाली. त्या अवधीत मी एकदाही त्या बाईंना समोर बसवून विचारले नाही, की बाई, तुमची नेमकी अडचण काय?

अडचण मला कळली ती आमच्या शिपाई मावशींकडून. चहाचे कप उचलता उचलता त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, ती वरची पोरगी दिवसभर पाण्याचा घोट घेत नाही, माहीत आहे का तुम्हाला?" मला वाटले, उपवास असेल. मावशी म्हणाल्या, "उपवास कसला! वरचं बायकांचं संडास बसायचं आहे. तिला कॅलिपर लावून बसता येत नाही. खाली कमोड आहे, तर जिने उतरायचे आणि चढायचे. मग ती पाणीच पीत नाही. दोनदा मूत्रमार्गाचा त्रास झाला तिला."

घरी आलो, पण जेवण गेले नाही. अर्जात ही गोष्ट नव्हती. कशी असेल? एखादी बाई असे चार पुरुषांच्या हातून फिरणाऱ्या कागदावर लिहील काय? महाडच्या पाण्यावर तासभर बोलणाऱ्या मला, दोन मजले वर बसून तहानलेली राहणारी बाई दिसली नव्हती. सौभाग्यवतीला सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "त्यांचं ऐकायला एखादी बाई तरी बसवायची होती शेजारी."

मग मी कायदा वाचायला घेतला. आधी नोकरी करून चूक केली आणि नंतर कायदा वाचला, हा आम्हा कारकून मंडळींचा उलटा क्रम. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम २० प्रमाणे प्रत्येक शासकीय आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोय आणि अडथळेविरहित वातावरण द्यायचे आहे. "देता येईल" असे नाही, "दिले पाहिजे" असे आहे. मर्यादा एकच. त्या सोयीचा कार्यालयावर प्रमाणाबाहेर बोजा पडता कामा नये, आणि तो बोजाही त्या विशिष्ट प्रकरणापुरता पाहायचा आहे. म्हणजे "उद्या इतरही मागतील" हे माझे कारण कायद्यात बसतच नव्हते. इतरांनी मागितले तर त्यांचे प्रकरण वेगळे तपासावे. मी कॉमर्सचा विद्यार्थी, हिशेब मांडून पाहिला. टेबल आणि कपाट दोन मजले खाली आणण्याचा खर्च शून्य. कामाच्या तासांत घट शून्य. मग बोजा कसला? बोजा माझ्या मनावर होता.

मी नव्याने टिपणी लिहिली, पहिल्या टिपणीत चूक झाल्याचे नमूद केले आणि साहेबांना प्रत्यक्ष भेटून कलम दाखवले. ते रागावले, पण वाचल्यावर सही केली. आठवड्याभरात टेबल खाली आले. तळमजल्यावरच्या कमोडच्या खोलीला कुलूप असायचे, त्याची एक किल्ली बाईंकडे दिली. आधाराचा दांडा बसायला मात्र आठ महिने लागले. मी त्यांची माफी मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, "दादा, एकदा विचारलं असतंत तर बरं झालं असतं." त्यांनी दुसरा शब्द काढला नाही.

कार्यालयात कुजबुज झालीच. "यांचे बरे आहे, उशिरा या, खाली बसा. सगळ्या सवलती यांनाच." बंधूंनो, हे वाक्य आपण कुठे ऐकले आहे? आपल्या मुलांना शिष्यवृत्ती मिळाली की हेच ऐकू येते. आपला भाऊ बढतीच्या यादीत आला की हेच ऐकू येते. "गेल्या जन्मीचे पाप" हे शब्द आपल्या आजोबा-पणजोबांना ऐकवले गेले, तेच दिव्यांग मुलाच्या आईलाही ऐकवले जातात. गतजन्मीच्या कर्मावर माणसाचे आजचे दुःख ढकलण्याची ही कल्पना बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्पष्ट नाकारली आहे. ज्यांनी हा टोमणा सोसला त्यांच्याच तोंडी तो यावा, यापरते दुर्दैव नाही. सर्वांना एकच जिना ही समता नव्हे. प्रत्येकाला आपल्या टेबलापर्यंत माणसासारखे पोहोचता यावे, ही समता.

जे बांधव आस्थापना शाखेत आहेत, त्यांना माझ्या चुकीतून सुचलेल्या काही गोष्टी सांगतो. अर्ज आला की आवक क्रमांक देऊन पोच द्या. तोंडी "बघू" म्हणून परत पाठवू नका. अर्जदाराला भेटा, आणि बाई असेल तर सोबत महिला सहकारी असू द्या. रोग काय आहे ते खोदून विचारू नका. कामात कुठे अडते आणि काय केले तर अडणार नाही, ते विचारा. प्रमाणपत्रावरचा टक्का गरज सांगत नाही. चाळीस टक्के लिहिलेल्या दोघांपैकी एकाला उंच खुर्ची लागेल, दुसऱ्याला मोठ्या अक्षरांचा संगणक. चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासाठी आहे, सोयीसाठी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विकास कुमार यांच्या प्रकरणात सांगितले आहे. लिहिताना हात आखडणाऱ्या त्या उमेदवाराला लेखनिक नाकारला गेला होता. मागितलेली सोय खरोखरच अशक्य असेल तर दुसरा मार्ग सुचवा आणि नकाराची कारणे लेखी द्या. दवाखान्याची कागदपत्रे बंद लिफाफ्यात ठेवा, ती चहाच्या टेबलावर चर्चेला येऊ देऊ नका. खोट्या प्रमाणपत्रांचे आरोप २०२४ साली देशभर गाजले हे खरे. पण पडताळणी करणे वैद्यकीय मंडळाचे काम आहे. आपण संशयाने कुणाची चाल न्याहाळत बसू नये.

आता आपल्या घरांसाठी सर्वांत महत्त्वाचे. आपल्यातले कितीतरी जण नगरपालिकेत सफाई कामगार, चालक, शिपाई म्हणून राबतात. अपघातात हात-पाय गेला, दृष्टी गेली, की कचेरीतून निरोप येतो, "आता तू अनफिट झालास, राजीनामा दे, मुलाला लावू." घाबरून सही करू नका! याच अधिनियमाच्या कलम २० पोटकलम ४ प्रमाणे सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या शासकीय किंवा स्थानिक संस्थेच्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. तसे पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे लागते. कामाचे स्वरूप पाहून काही आस्थापनांना शासन यातून सूट देऊ शकते, म्हणून आपल्या खात्याचे काय आहे ते लेखी विचारा. १९९५ च्या जुन्या कायद्यातही असे संरक्षण होते. त्याच आधारे कुणाल सिंग या पाय गमावलेल्या शिपायाला सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली न्याय दिला.

अर्ज नाकारला तर प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असला पाहिजे. त्याने नोंदलेल्या तक्रारीची दोन आठवड्यांत चौकशी करायची आहे. समाधान झाले नाही तर जिल्हास्तरीय समिती आहे, आणि राज्याच्या आयुक्तांचे कार्यालय पुण्यात आहे. अर्जाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि तिच्यावर पोच घ्या. शिकलेल्या मुलाने शेजारच्या काकांचा अर्ज लिहून द्यावा, हेही समाजकार्यच आहे.

शेवटी विनयपिटकातील एक प्रसंग आठवतो. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन आपल्याच घाणीत पडला होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतःच्या हाताने पाणी ओतून आनंदासह त्याला स्वच्छ केले आणि मग संघाला बजावले, की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी. तथागतांनी आधी त्याची विचारपूस केली, मग पाणी दिले, आणि नंतर संघासाठी नियम केला. मी नेमके उलटे केले होते. नियम आधी दाखवला, विचारपूस शेवटी.

त्या भगिनी आता वरिष्ठ लिपिक झाल्या आहेत. त्यांच्या टेबलावर पाण्याची बाटली असते आणि दुपारपर्यंत ती रिकामी झालेली असते. जयंतीला मी अजूनही महाडवर बोलतो, पण बोलण्यापूर्वी माझी नजर आधी त्या बाटलीकडे जाते.

जयभीम!