अलिबागची इस्रायल आळी आणि ठाण्याचा शुक्रवार

अलिबागला आपण जातो ते समुद्रासाठी. ओहोटी लागली की चालत कुलाबा किल्ला, दुपारी ताजी मासळी आणि संध्याकाळच्या लाँचनं परत मुंबई. पण मैत्रिणींनो, पुढच्या खेपेला एक तासभर राखून ठेवा आणि गावात कुणालाही ‘इस्रायल आळी’ विचारा. लगेच दाखवतात. आळीत मागेन आबोथ नावाचं सिनेगॉग आहे, म्हणजे ज्यू लोकांचं प्रार्थनामंदिर. आणि आळीतली आडनावं कशी, तर दिवेकर, पेणकर, रोहेकर, नागावकर! अगदी आपल्याच शेजारणीची वाटावीत अशी.

हे बेने इस्रायली. मराठी बोलणारे, कोकणातल्या गावांची नावं लावणारे. त्यांच्यात अशी कथा सांगतात, की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी एक गलबत फुटलं आणि त्यातून सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. सात जोडपी! नवगावला त्यांचं स्मारक आहे, तेही बघून या. पुढे या मंडळींनी तेलाचे घाणे घातले, आणि शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. ग्रंथ जवळ नव्हते, शिकवायला कुणी नव्हतं, तरी शनिवारची विश्रांती आणि ताटातले नियम त्यांनी सोडले नाहीत.

त्यांची दुसरी कथा मला फार आवडते. दाविद राहाबी नावाचा एक परदेशी ज्यू कोकणात आला. हे लोक खरंच आपले का, हे पाहायला त्यानं बायकांपुढे मिसळीची मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे उचलले, बाकीचे बाजूला सारले. झालं, ओळख पटली! बघा हं, परीक्षा घेतली ती पुरुषांच्या पाठांतराची नव्हे, बायकांच्या विळीपुढची.

या नियमांत बसणाऱ्या अन्नाला ‘कोशर’ म्हणतात. बांगडा, रावस, पापलेट चालतात. कोळंबी, खेकडा, तिसऱ्या, मोरी चालत नाही. डुक्कर तर नाहीच. कोंबडी किंवा बकरं धर्मविधीनं कापलेलं हवं; मग ते अर्धा तास पाण्यात, तासभर मिठात ठेवून रक्त निथळून टाकायचं आणि स्वच्छ धुवायचं. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे मांस आणि दूध एकत्र नाही. कोंबडीला दही चोळायचं नाही, मटण तुपात परतायचं नाही, आणि जेवणानंतर लगेच दुधाचा चहाही नाही!

ऐकूनच दमलात ना? मीही म्हटलं, ज्या घरात नवराबायको दोघंही नोकरीला, तिथे हे जमतं कसं? त्याचं उत्तर अलिबागला नाही मिळालं. 1948 नंतर बरीच घरं इस्रायलला गेली. आळीत आता माणसं थोडी. उत्तर मिळालं ठाण्याला. टेंभी नाक्यापाशी 1879 सालचं सिनेगॉग आहे आणि ज्यू वस्तीही अजून चांगली आहे. तिथल्या एका ओळखीच्या वहिनींकडे गेले. त्या बँकेत, भाऊ फोर्टात कचेरीत, मुलगा इस्रायलमध्ये अश्दोदला. घरात दोनच पानं.

वहिनी म्हणाल्या, “अहो, नियमांनी काम वाढत नाही, विचार कमी होतो. आज मांसाचा दिवस की दुधाचा, एवढं सकाळी ठरलं की झालं.” दुधाच्या दिवशी मुगाची खिचडी, वर तूप, कढी आणि पापड. म्हणजे आपलंच जेवण की! अंड्याची पोळी करायची तर प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडून पाहायचं. रक्ताचा ठिपका दिसला तर टाकून द्यायचं. पालेभाजी निवडताना किडा राहता कामा नये, पण ते आपल्याला कुणी सांगायला हवंय का?

मांसाच्या दिवशी दुधाचं काम नारळ करतो. ही खरी कोकणी युक्ती. रस्सा नारळाच्या दुधात, खीरही नारळाच्या दुधाची. कोंबडी मात्र रोज मिळत नाही, कारण विधीनं कापणारा जाणकार माणूस हल्ली मोजक्याच ठिकाणी. म्हणून वहिनी मिळेल तेव्हा जास्तीची आणतात, मीठ लावून, धुऊन, दोघांपुरत्या पुड्या फ्रीजरमध्ये टाकतात. नाही मिळाली तर मासळी आहेच.

त्यांचं हिरवं कालवण मी उभ्या उभ्या लिहून घेतलं. अर्धी वाटी ओलं खोबरं, मूठभर कोथिंबीर, तीन-चार हिरव्या मिरच्या, पाच-सहा लसणीच्या पाकळ्या आणि थोडं जिरं बारीक वाटायचं. तेलावर कांदा परतून त्यात हळद, वाटण, पाणी, मीठ आणि तीन आमसुलं घालायची. उकळी आली की रावसाचे चार तुकडे सोडून सात-आठ मिनिटं मंद आचेवर. एकीकडे कुकरला भात. वीस-पंचवीस मिनिटांत पानं वाढली. वाटण रविवारीच करून ठेवलं असेल तर त्याहून लवकर.

खरी कसोटी शुक्रवारची. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत दिवे लागले पाहिजेत, कारण तिथून शनिवार रात्रीपर्यंत चूल पेटवायची नाही. जूनमध्ये सूर्य सव्वासातच्या पुढे मावळतो, तेव्हा निभतं. पण डिसेंबरात सहालाच अंधार! फोर्टातून सुटून लोकल पकडेपर्यंतच दिवस संपलेला. म्हणून वहिनींचा शुक्रवार गुरुवारी रात्री सुरू होतो. रस्सा करून ठेवायचा, एक वाटी काळ्या मनुका दोन वाट्या पाण्यात भिजत घालायच्या. शुक्रवारी त्या कुस्करून गाळल्या की प्रार्थनेचं सरबत तयार. आशीर्वाद म्हणायला द्राक्षारसाच्या जागी हेच. हिवाळ्यात त्या शुक्रवारी दोन तास लवकर निघतात आणि ते तास इतर दिवशी भरून काढतात. “साहेबांना वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवते,” म्हणाल्या. भाऊंना सुटता येत नाही. ते येतात तेव्हा दिवे लागलेले असतात.

मुलगा तिकडून फोनवर मलिद्याची आठवण काढतो. मलिदा हा एलियाहू हन्नाबीच्या नावानं, नवस फेडताना किंवा शुभकार्याला करतात. चूल लागतच नाही. दोन वाट्या जाड पोहे धुऊन निथळायचे, त्यात एक वाटी ओलं खोबरं, अर्धी वाटी साखर, वेलची, काजू-बेदाणे घालून हलक्या हातानं कालवायचं आणि भोवती फळं मांडायची. पोहे तिकडे मिळतात, वेलची मिळते. ओल्या खोबऱ्याची तेवढी पंचाईत, म्हणून जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याबरोबर वहिनी सुक्या किसाची पिशवी देतात, आणि कोमट पाण्यात किती वेळ भिजवायचा ते चिठ्ठीवर लिहून.