आधी लुळा हात

नवी मुलगी व्यवसायोपचारतज्ज्ञ म्हणून वॉर्डात रुजू झाली. अर्धांगवायू झालेल्या आजोबांना सदरा घालायला शिकवायचं होतं: आधी लुळा हात बाहीत, मग धड हात. क्रम तिला तोंडपाठ. पण आजोबा बटणाशी झटापट करू लागले की हिचेच हात पुढे धावतात. "थांब गं, त्यांना करू दे," मी म्हणते. इंटर्नशिपमध्ये पाठीशी कुणी तरी असतं. नोकरीत पहिल्याच दिवशी अख्खी ओपीडी अंगावर! त्यात नातेवाईक विचारतात, "मालिश कधी करणार?" कमला निंबकरांनी मुंबईत व्यवसायोपचाराचं शिक्षण सुरू केलं ते १९५० मध्ये, प्रश्न अजून तोच. रुग्णालयांनी नवख्यांना सुरुवातीला निम्मेच रुग्ण द्यावेत आणि आठवड्यातला एक तास तरी वरिष्ठांसोबत बसू द्यावं.